फ्रेंच खेड्यातले इंग्रजी बिऱ्हाड

जाड दगडी भिंती, लाकडी झडपांच्या खिडक्या, परसात अक्रोडाचे झाड आणि सकाळी पावाच्या दुकानापर्यंत रमतगमत चालत जाण्याइतकी सवड! लंडनच्या उपनगरातील छोटे घर विकून फ्रान्सच्या ग्रामीण भागात असे प्रशस्त घर घ्यावे आणि उर्वरित आयुष्य निवांत काढावे, हे स्वप्न ब्रिटिश मध्यमवर्गाने अनेक दशके जपले आहे. पीटर मेल यांचे ‘अ इयर इन प्रोव्हान्स’ हे पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध झाले आणि या स्वप्नाला जणू पंख फुटले. पुढे लिमोज आणि बेर्जराकसारख्या छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवांनी ब्रिटनशी जोडले. नैऋत्येकडील दोर्दोन्य या जिल्ह्यात तर इतके ब्रिटिश स्थायिक झाले, की इंग्लंडमधील परगण्यांच्या धर्तीवर त्याला गमतीने ‘दोर्दोन्यशायर’ म्हटले जाऊ लागले. तेथील एमे या गावात क्रिकेटचा क्लबही आहे. आज फ्रान्समध्ये सुमारे दीड लाख ब्रिटिश नागरिक राहतात. दोर्दोन्य, शारांत, लिमुझँ आणि ब्रिटनी हे ग्रामीण टापू त्यांच्या विशेष आवडीचे आहेत.

तथापि, सुटीत पाहिलेले खेडे आणि बाराही महिने नांदायचे खेडे यांत मोठे अंतर असते. ‘ब्रेक्झिट’नंतर तर ते अधिकच वाढले आहे. हा संसार प्रत्यक्षात कसा चालतो, त्याचा हा परिचय.

वास्तव्याचा हक्क

जून २०१६च्या सार्वमतापूर्वी ब्रिटिश माणसाला फ्रान्समध्ये राहण्यासाठी पारपत्राखेरीज काहीच लागत नसे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळही संपला. त्या दिवसापर्यंत जे फ्रान्समध्ये रीतसर स्थायिक झाले होते, त्यांचे हक्क माघार कराराने सुरक्षित राहिले. त्यांना वास्तव्याचे विशेष ओळखपत्र मिळाले. त्यानंतर येणाऱ्यांना मात्र कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. त्याहून अधिक राहायचे तर दीर्घ मुदतीचा व्हिसा हवा. निवृत्त मंडळी बहुधा ‘अभ्यागत’ वर्गाचा व्हिसा घेतात. त्यासाठी पुरेसे उत्पन्न आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो आणि फ्रान्समध्ये नोकरी करणार नाही, अशी हमी द्यावी लागते. फ्रान्समध्ये पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत हा व्हिसा इंटरनेटवरून वैध करून घेणे बंधनकारक आहे. हे विसरले, तर वास्तव्यच बेकायदा ठरते.

ब्रिटनमध्ये स्थायिक होऊन तेथील नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही हेच नियम लागू होतात. भारतीय पारपत्र कायम ठेवलेल्यांना तर ९० दिवसांच्या सहलीसाठीही शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो.

घर घेताना

खरेदीचा व्यवहार ‘नोतेर’ या सरकारने नेमलेल्या कायदेतज्ज्ञामार्फत होतो. हा एका पक्षाचा वकील नव्हे. व्यवहार कायदेशीर व्हावा आणि शासनाचा कर वसूल व्हावा, ही त्याची जबाबदारी. प्राथमिक करारावर सही झाल्यावर ग्राहकाला माघार घेण्यासाठी दहा दिवस मिळतात. त्यानंतर मन बदलले, तर सामान्यतः किमतीच्या पाच ते दहा टक्के असलेली अनामत बुडण्याची शक्यता असते. जुन्या घरासाठी कर आणि नोतेरचे शुल्क मिळून किमतीच्या सात ते आठ टक्के रक्कम वेगळी काढून ठेवावी लागते.

शिसे, अ‍ॅसबेस्टॉस, वाळवी आणि ऊर्जावापर यांसंबंधीचे तपासणी अहवाल विक्रेत्याने द्यायचे असतात. शहरी माणसाचे हमखास दुर्लक्ष होते ते सांडपाण्याकडे. अनेक खेड्यांतील घरांना सार्वजनिक गटार नसते, घरोघरी स्वतंत्र टाकी असते. ती नियमानुसार नसेल, तर खरेदीनंतर एका वर्षात दुरुस्त करण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते आणि हा खर्च काही हजार युरोंच्या घरात जातो.

वारसाचा पेच

इंग्लंडमध्ये माणूस आपली संपत्ती मृत्युपत्राद्वारे बव्हंशी मनाजोगती देऊ शकतो. फ्रेंच कायदा मात्र मुलांचा वाटा राखून ठेवतो. एक अपत्य असेल तर निम्मी, दोन असतील तर दोनतृतीयांश आणि तीन किंवा अधिक असतील तर तीनचतुर्थांश संपत्ती त्यांच्यासाठी राखीव असते. युरोपीय नियमानुसार १७ ऑगस्ट २०१५पासून मृत्युपत्रात आपल्या राष्ट्रीयत्वाचा कायदा निवडता येतो. परंतु नोव्हेंबर २०२१पासून अमलात आलेल्या फ्रेंच कायद्याने, वगळलेल्या मुलांना फ्रान्समधील मालमत्तेतून भरपाई मागण्याची वाट मोकळी करून दिली आहे.

दुसऱ्या विवाहातील जोडप्यांना याचा फटका अधिक बसतो. पती किंवा पत्नीला वारसाकर माफ आहे. पण सावत्र मुले कायद्याच्या दृष्टीने परकी ठरतात आणि त्यांना मिळणाऱ्या वारशावर ६० टक्के कर लागतो. कायदा कोणत्याही देशाचा निवडला, तरी हा कर बदलत नाही. म्हणूनच घर कोणाच्या नावे आणि कोणत्या पद्धतीने घ्यायचे, याचा सल्ला सही करण्यापूर्वी घ्यावा; नंतर नव्हे.

गावाचा कारभार आणि शिष्टाचार

फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार स्थानिक स्वराज्य संस्था आहेत. शंभर-दोनशे वस्तीच्या गावालाही स्वतःचा महापौर असतो. आपल्या सरपंचाप्रमाणेच तो सर्वांना नावानिशी ओळखतो. नव्या रहिवाशाने पहिल्याच आठवड्यात या कार्यालयात जाऊन आपली ओळख करून द्यावी, हा संकेत आहे. कुंपण, नवी खिडकी, पोहण्याचा तलाव या साऱ्यांची परवानगी तेथूनच सुरू होते. पूर्वी ब्रिटिश रहिवासी स्थानिक निवडणुकीत मतदान करीत आणि उमेदवारही होत. कित्येक गावांत ते सदस्य म्हणून निवडून आले होते. मार्च २०२०च्या निवडणुकीपासून त्यांचा हा हक्क संपुष्टात आला. गावात कर भरायचा, पण गावाच्या निर्णयात मत नाही, ही सल अनेकांच्या मनात आहे.

दुकानात शिरताच ‘बाँजूर’ म्हणणे हा केवळ उपचार नव्हे. ते न म्हणता थेट वस्तू मागणारा माणूस उद्धट समजला जातो. दुपारी बारा ते दोन या वेळात बहुतेक व्यवहार ठप्प असतात. रविवारी दुपारनंतर आणि अनेक ठिकाणी सोमवारीही दुकाने बंद असतात. भाजी, चीज, कोंबडी घ्यायची ती आठवडी बाजारात आणि गावातल्या बातम्याही तेथेच कळतात.

खेड्यातील शांततेविषयीचा गैरसमजही वेळीच दूर झालेला बरा. ओलेराँ बेटावरील मोरिस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्याविरुद्ध, तेथे सुटीचे घर असलेल्या फ्रेंच शेजाऱ्यांनीच दावा लावला होता. सप्टेंबर २०१९मध्ये न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला. पुढे जानेवारी २०२१मध्ये ग्रामीण भागातील आवाज आणि वास यांना वारसा म्हणून मान्यता देणारा कायदाच झाला. शेणाचा वास आणि चर्चच्या घंटा यांच्यासह खेडे स्वीकारावे लागते.

दवाखाना आणि गाडी

ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन मिळणाऱ्यांना ‘एस-१’ हे प्रमाणपत्र मिळते आणि त्यांच्या उपचारांचा खर्च ब्रिटन सोसते. इतरांना तीन महिन्यांच्या स्थिर वास्तव्यानंतर फ्रेंच आरोग्य योजनेत अर्ज करता येतो. मात्र उत्पन्नानुसार अंशदान भरावे लागू शकते. ‘कार्त व्हिताल’ हे हिरवे कार्ड हाती आले, की परताव्याचा व्यवहार सुलभ होतो.

येथे उपचार ब्रिटनप्रमाणे पूर्णतः मोफत नसतात. डिसेंबर २०२४पासून सामान्य डॉक्टरांचे शुल्क ३० युरो आहे. त्याच्या ७० टक्क्यांतून दोन युरो वजा जाता १९ युरो परत मिळतात. आपला नियमित डॉक्टर नोंदवलेला नसेल, तर परतावा ३० टक्क्यांवर येतो. उरलेल्या खर्चासाठी बहुतेक जण पूरक विमा घेतात. खरी अडचण पैशांची नसून डॉक्टर मिळण्याची आहे. ग्रामीण फ्रान्समध्ये वयस्क डॉक्टर निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी नवे येत नाहीत. अशा टापूंना तेथे ‘वैद्यकीय वाळवंट’ म्हणतात. घर घेण्याआधी जवळचा डॉक्टर नवे रुग्ण घेतो का, हे विचारणे छप्पर तपासण्याइतकेच महत्त्वाचे आहे. तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी १५ आणि सर्व आपत्कालीन सेवांसाठी ११२ हे दूरध्वनी क्रमांक घरात ठळक लिहून ठेवावेत.

सार्वजनिक वाहतूक तुरळक असल्याने गाडीवाचून गत्यंतर नाही. १ जानेवारी २०२१पूर्वी मिळालेला ब्रिटिश परवाना त्याची मुदत संपत येईपर्यंत चालतो. त्यानंतरचा परवाना वास्तव्याच्या पहिल्या वर्षात बदलून घ्यावा लागतो. चार वर्षांहून जुन्या गाडीची तपासणी दर दोन वर्षांनी होते.

हिवाळा आणि पैसा

दोर्दोन्यचा जुलै पाहून घर घेणाऱ्यांनी तेथील जानेवारीही अनुभवावा. जाड भिंतींची घरे उन्हाळ्यात गार राहतात. हिवाळ्यात मात्र ती ऊब मागतात. जळाऊ लाकूड ‘स्तेर’ या मापाने, म्हणजे रचलेल्या एका घनमीटरच्या हिशेबाने मिळते. ते नीट वाळलेले हवे, म्हणून जाणती माणसे पुढच्या वर्षाचे लाकूड आधीच रचून ठेवतात. धुराडे नियमितपणे साफ करून त्याचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. आग लागल्यास विमा कंपनी ते मागते.

पूर्वी फ्रान्समधील ब्रिटिश वृद्धांनाही हिवाळी इंधन भत्ता मिळे. २०१५ साली तो बंद झाला. इंग्लंडच्या नैऋत्य भागापेक्षा फ्रान्स उबदार असल्याचे कारण देण्यात आले. परंतु सरासरी तापमान काढताना कॅरिबियन समुद्रातील फ्रेंच बेटेही हिशेबात धरली होती! निवृत्तिवेतन पौंडात आणि खर्च युरोत, ही दुसरी चिंता. २०००च्या सुमारास एका पौंडाला दीड युरोहून अधिक मिळत. डिसेंबर २००८मध्ये दोन्ही चलने जवळजवळ समान झाली. त्या काळी अनेक घरांचे अंदाजपत्रक कोलमडले.

शेवटचा प्रश्न

साठीत घेतलेले घर ऐंशीत कसे वाटेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. जोडीदार निघून जातो, गाडी चालवणे थांबते, दुकान दहा किलोमीटरवर असते आणि फोनवर दुखणे सांगायला फ्रेंच शब्द आठवत नाहीत. मुले समुद्रापलीकडे. घर विकून परतावे, तर इंग्लंडमधील किमती आवाक्याबाहेर गेलेल्या. इंग्रजी शेजारात वीस वर्षे राहूनही भाषा न शिकलेल्यांची अवस्था या टप्प्यावर फार बिकट होते.

जे रमले, त्यांची वाट साधी दिसते. त्यांनी घर घेण्याआधी एक हिवाळा भाड्याने काढला, गावाच्या बाहेर नव्हे तर गावात राहणे पसंत केले, मोडक्यातोडक्या फ्रेंचची लाज बाळगली नाही आणि गावजेवणाच्या दिवशी टेबले मांडायला हात लावला. अक्रोडाचे झाड घराबरोबर विकत मिळते. शेजार मात्र मिळवावा लागतो.