शंभरावा

मे महिन्यात तरुण संघाच्या शिबिराला निघताना आमच्या पिशवीत चार वस्तू हमखास असायच्या: चादर, ताट-वाटी, बॅटरी आणि पवित्र शास्त्र. मी पहिल्यांदा गेलो तो पन्हाळ्याला. पहाटे गार पाण्यानं तोंड धुवायचं, मग शांत वेळ, मग पोहे आणि पाठ. दुपारी खो-खो. रात्री जेवणं झाली की वादविवाद. ‘प्रार्थना मोठी की सेवा’ असा विषय निघाला की खरकटी ताटं तशीच हातात सुकायची. पाळक बाजूला सतरंजीवर बसून सगळं ऐकायचे, मध्ये तोंड घालायचे नाहीत. त्या रात्री मी दोन्ही बाजूंनी बोललो आणि झोप लागेना म्हणून तटापाशी जाऊन बसलो.

अशा शिबिरांच्या इतिहासातलं एक मोठं पान कोल्हापुरात जन्मलेल्या मुलानं लिहिलंय, हे मला फार उशिरा कळलं.

रेव्ह. रॉयल गूल्ड वायल्डर १८४६ मध्ये अमेरिकेहून निघाले. आधी अहमदनगरला काम केलं आणि १८५२ च्या अखेरीस ते कोल्हापुरात आले. त्यांना शाळा काढायच्या होत्या. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचं म्हणणं, आधी प्रचार, शाळा दुय्यम. हा वाद इतका विकोपाला गेला की वायल्डर बोर्डाचा आधार सोडून स्वतंत्रपणे कोल्हापुरात राहिले. पुढं १८७० मध्ये हे मिशन प्रेस्बिटेरियन मंडळीकडे गेलं. कोल्हापुरातल्या वायल्डर मेमोरियल चर्चच्या नावातले वायल्डर ते हेच. वाद अंगावर घेणाऱ्या या घरात १८६३ मध्ये रॉबर्टचा जन्म झाला. त्याची बहीण ग्रेस त्याच्याहून थोडी मोठी.

वडिलांची प्रकृती ढासळल्यावर कुटुंब अमेरिकेला परतलं आणि प्रिन्स्टनला राहिलं. रॉबर्ट तिथल्याच कॉलेजात शिकला. १८८३ मध्ये त्यानं मित्रांना घेऊन परदेशातल्या मिशनकार्यासाठी एक मंडळ काढलं. रविवारी बैठका भरायच्या त्या वायल्डरांच्याच घरी. मुलं दिवाणखान्यात चर्चा करायची आणि ग्रेस दुसऱ्या खोलीत त्यांच्यासाठी प्रार्थना करत बसायची. या कामासाठी देशभरातून हजार विद्यार्थी उभे राहावेत, एवढं मोठं मागणं ती दोघं भावंडं मागत होती.

१८८६ चा उन्हाळा आला. मॅसॅच्युसेट्समध्ये कनेटिकट नदीच्या काठी माउंट हर्मन इथं प्रसिद्ध प्रचारक मूडी यांची मुलांची शाळा होती. सुट्टीत ती रिकामी असायची. वाय.एम.सी.ए.चे ल्यूथर विशर्ड यांनी मूडींना गळ घातली आणि जुलैत तिथं कॉलेज विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं. जवळपास नव्वद कॉलेजांतून २५१ मुलं आली आणि जवळपास चार आठवडे राहिली. सकाळी बायबलचा अभ्यास आणि भाषणं. दुपार पूर्ण मोकळी: पोहणं, चेंडूफळी, रानात भटकणं. मला या मोकळ्या दुपारींचं फार मोल वाटतं. कारण परदेशी मिशन हा विषय शिबिराच्या कार्यक्रमात नव्हताच. रॉबर्टनं तो पोरापोरांच्या गप्पांतून पेरला. सुरुवातीला जेमतेम वीसेक मुलं त्या कामाला तयार होती.

१६ जुलैला पाळक आर्थर पीअर्सन यांचं मिशनवर भाषण झालं. पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी दहा देशांची सभा भरली. दहा मुलं उठली, प्रत्येकाला तीन मिनिटं. त्यांत जपानी होता, सयामी होता, आर्मेनियन होता, अमेरिकेचा मूळ रहिवासी होता. भारत, चीन आणि इराणच्या वतीनं तिथल्या मिशनरी घरांतले मुलगे बोलले. देवाच्या प्रीतीचं एकच वाक्य ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत म्हटलं. सभा संपल्यावर कुणी गप्पा मारत बसलं नाही. मुलं एकेकटी अंधारात झाडीकडे निघून गेली. हे वाचलं तेव्हा मला पन्हाळ्याचा तट आठवला.

शिबिर संपता संपता परदेशी मिशनकार्याला जायची तयारी दाखवणाऱ्या सह्या झाल्या ९९. शेवटच्या प्रार्थनेला सगळी गुडघे टेकून बसली असताना आणखी एक मुलगा आत आला आणि त्यांच्यात बसला. तो शंभरावा.

पुढची वाटचाल झपाट्यानं झाली. रॉबर्ट आणि लाहोरच्या मिशनरी घराण्यातला जॉन फोरमन यांनी वर्षभर दीडशेहून अधिक कॉलेजं पालथी घातली. दोन हजारांवर मुलामुलींनी नावं दिली. १८८७ मध्ये आजारी वडील गेले. मुलानं घरी थांबावं असा हट्ट त्यांनी धरला नव्हता. १८८८ मध्ये ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ रीतसर स्थापन झाली. अध्यक्ष झाला तो माउंट हर्मनलाच सही केलेला जॉन मॉट, ज्याला पुढं १९४६ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. या चळवळीतून वीस हजारांवर तरुण परदेशी गेले. पहिल्या महायुद्धानंतरच्या पिढीनं मात्र युद्ध, वर्णभेद, गरिबी असे वेगळे प्रश्न विचारले. मला वाटतं, ते विचारायलाच हवे होते. एका पिढीत सगळ्या जगाला शुभवर्तमान पोहोचवायचं या चळवळीच्या घोषणेत जग हा नुसता नकाशा झाला होता. त्या नकाशावरच्या माणसांना काय म्हणायचंय, हे ऐकायला जागा कमी होती. चळवळ ओसरत गेली आणि १९५९ मध्ये दुसऱ्या विद्यार्थी संघटनेत विलीन झाली.

माउंट हर्मनचं शिबिर भरलं त्याच १८८६ साली कोल्हापूर आणि अमेरिका यांच्यामधली आणखी एक वाट उघडत होती. मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि कोल्हापूर संस्थानानं त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागासाठी बोलावलं. नदीकाठची मुलं सह्या करत होती तेव्हा आनंदीबाई परतीच्या उंबरठ्यावर होत्या. कोल्हापुरात रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या गेल्या. त्या रुजू झाल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

रॉबर्टनं नंतर कलकत्त्यात आणि पुण्यात विद्यार्थ्यांमध्ये काम केलं. जगाच्या इतिहासात त्याचं नाव राहिलं. ग्रेसला त्या शिबिरात जागाच नव्हती, ते मुलग्यांचं होतं. पण वडील गेल्यावर ती आईला घेऊन जहाजात बसली आणि परत इकडे आली. कोल्हापूर-इस्लामपूरकडच्या गावांत, बायकांमध्ये राहून ती काम करत राहिली.