उसन्या मंचावरचे सूर : मुंबईच्या पॉप-समूहांचा उदय आणि अस्त

#थ्रेड #इतिहास

१/ सन २००२. लंडनच्या ईशान्येकडील हायम्स पार्क भागात एकाच शाळेत शिकलेल्या दहा मित्रांचा 'ब्लेझिन स्क्वॉड' हा पॉप-रॅप समूह ब्रिटनच्या विक्रीक्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचला. त्याच वर्षी मुंबईत पाच तरुण आणि पाच तरुणी असे दोन समूह घराघरांतील दूरचित्रवाणीवर झळकत होते. काही वर्षांतच हे तिन्ही समूह विस्कळीत झाले. लंडन आणि मुंबई यांच्यात हजारो मैलांचे अंतर असूनही तिन्ही कथांचा शेवट इतका सारखा का झाला, त्याचा हा इतिहास.

२/ मुंबईच्या कथेची सुरुवात दशकभर आधीची आहे. १९९१ मध्ये स्टार टीव्हीच्या उपग्रह वाहिन्या भारतात दिसू लागल्या. १९९२ मध्ये बाबा सहगल यांच्या 'ठंडा ठंडा पानी'ने हिंदी रॅप हा प्रकार सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत नेला. १९९४ मध्ये चॅनल व्ही आले आणि १९९६ मध्ये एमटीव्ही स्वतंत्र भारतीय वाहिनी म्हणून परतले. दरम्यान १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांच्या 'मेड इन इंडिया'ने चित्रपटाबाहेरचे गाणेही देशभर गाजू शकते हे सिद्ध केले. या संगीताला 'इंडीपॉप' हे नाव पडले.

३/ या लाटेत प्रस्थापितही उतरले. १९९७ मध्ये आशा भोसले यांनी लेस्ली लुईस यांच्यासह 'जानम समझा करो' हा संग्रह केला. त्याच सुमारास, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांनी 'कोड रेड' या ब्रिटिश तरुणांच्या समूहाबरोबरही एक गीत ध्वनिमुद्रित केले. नातवाच्या वयाच्या मुलांसोबत गाणारी ही आजी पुढे खरोखरच अशा एका समूहातील गायकाची आजी ठरणार होती.

४/ २००१ मध्ये मुंबईत 'अ बँड ऑफ बॉइज' हा समूह उभा राहिला. त्यात करण ओबेरॉय, सुधांशू पांडे, शेरिन वर्गीस, सिद्धार्थ हळदीपूर आणि चिंटू भोसले असे पाच जण होते. चिंटू म्हणजे चैतन्य, आशाताईंचे चिरंजीव हेमंत भोसले यांचा मुलगा. सिद्धार्थ हे संगीतकार अमर हळदीपूर यांचे पुत्र. 'मेरी नींद'सारखी गाणी वाहिन्यांवर वारंवार दिसू लागली आणि महाविद्यालयीन वर्गाला हे पाचही चेहरे पाठ झाले.

५/ दुसरा समूह स्पर्धेतून घडला. 'पॉपस्टार्स' हा मूळचा न्यूझीलंडचा कार्यक्रम. कॅमेऱ्यासमोर चाचण्या घ्यायच्या, अनोळखी गायकांतून समूह निवडायचा आणि निवडीचीच मालिका करून दाखवायची, अशी त्याची रचना. २००२ मध्ये चॅनल व्हीने तो भारतात आणला. त्यातून 'व्हिवा' जन्मली : सीमा रामचंदानी, नेहा भसीन, महुआ कामत, प्रतीची महापात्रा आणि अनुष्का मनचंदा. पुढच्याच वर्षी दुसऱ्या पर्वातून 'आस्मा' हा समूह आला. त्यात नीती मोहन आणि वसुधा शर्मा यांच्याबरोबर सिद्धार्थ यांचे बंधू संगीत हळदीपूरही होते.

६/ या पद्धतीचे यश आणि तिचा धोका, दोन्ही ब्रिटनमध्ये आधीच दिसले होते. तेथील 'पॉपस्टार्स'मधून निघालेल्या 'हिअरसे' समूहाच्या पहिल्या गीताच्या मार्च २००१ मध्ये एका आठवड्यात पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या. ऑक्टोबर २००२ मध्ये तो समूह विसर्जित झाला. म्हणजे मुंबईत 'व्हिवा'चे कौतुक सुरू होते, त्याच वर्षी लंडनमध्ये त्याच साच्यातील पहिला समूह संपत होता.

७/ आता मूळ प्रश्न. ही मुले-मुली गात नव्हती का? उत्तम गात होती. पुढील काळाने ते सिद्धही केले. अडचण गळ्याची नव्हती. श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्यांच्या मालकीचा नव्हता, ही खरी अडचण होती. गाण्याची चित्रफीत तयार करण्याचा खर्च संगीत कंपनीचा आणि ती दाखवण्याचा निर्णय वाहिनीचा. समूहाकडे उरे ते केवळ नाव आणि चेहरे.

८/ बुलढाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजीचे उदाहरण घ्यावे. मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान, तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ वरचे हे गाव. अशा गावात पोहोचण्यासाठी चित्रपटगीताला केबलच्या वायरीची गरज नव्हती. त्याच्यासाठी आकाशवाणी होती, कॅसेटचे दुकान होते, चहाची टपरी होती आणि लग्नाच्या वरातीतला बँडही होता. इंडीपॉपकडे यांपैकी जवळजवळ काहीच नव्हते. संगीतवाहिनी हा त्याचा एकमेव पूल होता.

९/ तोच पूल २००३ नंतर खचू लागला. वाहिन्यांना चित्रपटांच्या जाहिरातगीतांतून खात्रीचा प्रेक्षक मिळत होता आणि त्याहून मोठा प्रेक्षक 'रोडीज'सारख्या वास्तवदर्शी मालिकांतून. त्यामुळे चित्रपटाबाहेरच्या गाण्यांचा वेळ आक्रसत गेला. त्याच काळात एकेका चकतीवर शंभरावर गाणी भरलेल्या चोरट्या एमपी३ सीडी पदपथावर विकल्या जाऊ लागल्या आणि संग्रह विकून खर्च वसूल होण्याची आशाही मावळली.

१०/ मग खासगी एफएमने आधार का दिला नाही? कारण पहिल्या टप्प्यातील परवानाशुल्क ठरीव आणि दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारे होते. एवढा भार डोक्यावर असलेले केंद्र नव्या, अपरिचित गाण्यावर पैज लावीत नाही. श्रोता हमखास थांबेल असे चित्रपटगीतच ते वाजवते. २००५ मध्ये उत्पन्नाच्या ४ टक्के शुल्क घेण्याची पद्धत आली, पण तोवर केंद्रांची सवय पक्की झाली होती.

११/ २००४ मध्ये 'अ बँड ऑफ बॉइज'चे पाचही सदस्य 'किस किस को' या चित्रपटात उतरले. चित्रपट तिकीटबारीवर टिकला नाही. चित्रपटसंगीताला पर्याय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समूहालाही अखेर चित्रपटाच्याच दारी जावे लागले, हे त्या काळाचे बोलके चित्र होते. 'व्हिवा'तून सीमा आधीच बाहेर पडल्या होत्या. उरलेल्या चौघींनी दुसरा संग्रह काढला, मात्र दशकाच्या मध्यापर्यंत तो समूहही विरला.

१२/ त्याच सुमारास 'इंडियन आयडॉल' आले. मार्च २००५ मध्ये मुंबईचा मराठी तरुण अभिजीत सावंत पहिला विजेता ठरला. प्रेक्षक आता मोबाइलवरून संदेश पाठवून मत देत होते आणि ते मत एका व्यक्तीला होते. स्पर्धेत गायची ती प्रामुख्याने चित्रपटगीतेच. 'पॉपस्टार्स'ने समूह आणि नवी गाणी घडवली होती. नव्या साच्यात दोहोंची गरज उरली नाही.

१३/ समूह संपले, माणसे टिकली. नेहा भसीन यांना 'सुलतान'मधील 'जग घूमेया'साठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. नीती मोहन यांनी २०१२ मध्ये 'जिया रे' आणि 'इश्क वाला लव'मधून पार्श्वगायनात स्थान मिळवले. संगीत-सिद्धार्थ ही हळदीपूर बंधूंची संगीतकार जोडी झाली. सुधांशू पांडे 'अनुपमा' मालिकेमुळे नव्या पिढीला माहीत झाले. ज्या उद्योगाने समूहांना वाव दिला नाही, त्यानेच त्यांतील व्यक्तींना एकेक करून सामावून घेतले.

१४/ महाराष्ट्राला समूहगायन नवीन नव्हते. तमाशाचा फड पाहावा. त्याचा तंबू स्वतःचा, जत्रांचे वेळापत्रक ठरलेले. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी तेथे येऊन सुपारी देतात. फडालाही हलाखीचे दिवस पाहावे लागले, कर्जे झाली, कलावंत गेले. तरीही एक गायिका किंवा सोंगाड्या गेल्याने फड लगेच मोडत नसे, कारण मंच आणि प्रेक्षक दोन्ही त्याचे होते. पॉप-समूहांचा मंच मात्र उसना होता.

१५/ पुढच्या पिढीने येथूनच वेगळी वाट धरली. जानेवारी २०१४ मध्ये कुर्ल्याच्या नेझीने 'आफत'ची चित्रफीत आयपॅडवर चित्रित करून थेट आंतरजालावर टाकली. मुंबईच्या 'स्वदेसी' समूहातील एमसी मवाली मराठीतून रॅप करू लागला. २०१९ मध्ये या समूहाने आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह आरेच्या जंगलाचा प्रश्न 'द वारली रिव्होल्ट'मध्ये मांडला. अशा गाण्याला २००२ च्या वाहिनीवर जागा मिळणे कठीण होते.

१६/ जुना खेळ तरीही पूर्ण संपला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'गली बॉय' प्रदर्शित झाला आणि गल्लीतले रॅप पुन्हा चित्रपटाच्याच खांद्यावर बसून देशभर गेले. त्यातील 'इंडिया ९१' या गीतात अनेक भाषांतील रॅपर एकत्र आले. 'स्वदेसी'चा एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, त्यांतील एक. मार्च २०२२ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. समूहाने मात्र त्याच्या पश्चात गाणे थांबवले नाही.

१७/ त्याच गीतात अमरावतीचा '१०० आरबीएच' हा रॅपरही होता. अमरावती आणि वडनेर भोलजी एकाच महामार्गावर आहेत. २००२ मध्ये या रस्त्यावरच्या मुलाला पॉप-समूह केवळ पडद्यावर दिसू शकत होता. पुढे त्याच रस्त्यावरच्या शहरातून एक वऱ्हाडी आवाज देशभर पोहोचला. उसना मंच कोणाला किती दिवस मिळतो, हे मंचाचा मालक ठरवतो. 'व्हिवा' आणि 'अ बँड ऑफ बॉइज' यांनी ही गोष्ट स्वतःच्या उमेदीची वर्षे देऊन शिकवली. त्यांची गाणी आज ऐकताना तेवढे ऋण लक्षात राहावे.

(थ्रेड समाप्त)