नरनाळ्याचा आश्रय आणि रोहिणखेडचा घाट : १४३७ च्या संघर्षाचा पुरातत्त्वीय विचार

प्रस्तावना : मध्ययुगीन वऱ्हाडातील गिरिदुर्गांकडे बहुधा पराक्रमाची स्थळे म्हणून पाहिले जाते. संकटकाळी राज्यसत्तेला आश्रय देणे हे त्यांचे तितकेच महत्त्वाचे कार्य होते. प्रस्तुत लेखात आजच्या अकोला जिल्ह्यातील नरनाळा व बुलडाणा जिल्ह्यातील रोहिणखेड यांचा या दृष्टीने एकत्रित विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : खानदेशचा सुलतान नसीरखान फारुकी याने १४३७ मध्ये वऱ्हाडावर स्वारी केली. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहाला दिलेल्या आपल्या कन्येची उपेक्षा होते, हे त्यामागील निमित्त होते. फरिश्त्याच्या वृत्तांतानुसार वऱ्हाडातील अनेक अमीर नसीरखानास मिळाले, तेव्हा सुभेदार खान-ए-जहान याने नरनाळ्याचा आश्रय घेतला. पुढे खलफ हसन याने रोहिणखेड येथे नसीरखानाचा पराभव केला आणि बऱ्हाणपूरपर्यंत त्याचा पाठलाग केला.

भौगोलिक स्थान : उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग आणि मध्ये पूर्णेचे खोरे, अशी पायनघाटाची रचना आहे. नरनाळा सातपुड्यावर आहे, तर रोहिणखेड अजिंठ्याच्या रांगेच्या पायथ्याशी, बऱ्हाणपूरहून दौलताबादकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. किल्ल्याने वेढ्यातील सुभेदारास अवधी मिळवून दिला. परंतु वऱ्हाडाचा निर्णय घाटाच्या तोंडाशी लागला. १६व्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या सत्तासंघर्षात याच ठिकाणी पुन्हा लढाई झाली, ती याच भूगोलामुळे.

भौतिक पुरावा : नरनाळ्याचा प्रसिद्ध महाकाली दरवाजा १४८७ च्या शिलालेखानुसार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने उभारला. म्हणजेच तो या वेढ्यानंतर पन्नास वर्षांनी झाला. रोहिणखेडची मशीदही १५८२ मधील आहे. त्यामुळे आज दिसणाऱ्या वास्तूंवरून १४३७ चा किल्ला किंवा गाव यांची कल्पना करणे शास्त्रीयदृष्ट्या सदोष ठरते. आश्रयाच्या दृष्टीने दरवाजापेक्षा गडावरील तलाव अधिक बोलके आहेत. वेढा किती काळ सोसता येईल हे तटाच्या उंचीइतकेच साठवलेल्या पाण्यावर अवलंबून असते.

निष्कर्ष : तवारिखांनी सुभेदाराचा आश्रय नोंदविला, मात्र ज्या सपाटीवरून सैन्ये गेली तेथील रयतेने कोठे आसरा घेतला, हे त्या सांगत नाहीत. ही उणीव ग्रंथांतून भरून निघणार नाही. तिच्यासाठी गढ्या, पांढरीची टेकाडे, बारवा व घाटवाटा यांची गावनिहाय नोंद आणि खापरांचा कालक्रमानुसार अभ्यास आवश्यक आहे. शेतीच्या व रस्त्यांच्या कामात पांढरीची माती उचलली जाते, तेव्हा रयतेच्या इतिहासाचे हे साधनही त्याबरोबर नाहीसे होते. गावांजवळच्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी हे काम प्राधान्याने हाती घेतले, तर वऱ्हाडाचा इतिहास गडावरून खाली, गावापर्यंत येईल.