खेळामागचे हात

आमच्या गुहागरकडे शिमग्यात संकासुर नाचतो. माणसे त्याच्याभोवती गोळा होतात. मृदंगवाल्याचे नाव कोणी विचारीत नाही. संगणकावरील खेळांचा आरंभही असाच झाला.

अमेरिकेतील अटारी कंपनीत वॉरन रॉबिनेट याने ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ एकट्याने रचला. कल्पना त्याची, चित्रे त्याची, आज्ञावलीही त्याचीच. तो 1980 साली बाजारात आला. परंतु कर्त्याचे नाव देण्याची कंपनीची रीत नव्हती. तेव्हा त्याने आपले नाव खेळातल्याच एका गुप्त खोलीत दडवून ठेवले!

पुढे खेळ मोठे झाले आणि एकाचे काम अनेकांत वाटले गेले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स मंडळींनी 2020 साली ‘राजी’ आणला. त्यात खेळाची आखणी अविचल सिंग यांची, चित्रांची बाजू श्रुती घोष यांची. शिवाय अशा कामाला आज्ञावली लिहिणारे, पात्रांना चाल देणारे, नाद भरणारे आणि पुन्हापुन्हा खेळून चुका हुडकणारे लागतात.

वर्गातली मुले विचारतात, “सर, यात शिरायला काय शिकू?” मी विचारतो, “चित्र येते? गणित? कान तयार आहे?” सर्वांनाच संकासुर व्हायचे असते. मृदंग कोण धरणार, हे मात्र आधी ठरवावे लागते.