सहा कवड्यांचा हिशेब

जव्हार-विक्रमगडच्या रानात बेहडा आजही दिसतो. त्रिफळा चूर्णातला बेहडा आपल्याला ठाऊक असतो. पण वेदकाळी जुगारात याच झाडाची फळं ‘अक्ष’ म्हणून वापरत. त्यांना ना बाजू, ना ठिपके. फळं चाराचारानं मोजायची. बाकी उरली नाही तर ‘कृत’, एक उरलं तर ‘कलि’. कसब होतं ते झटपट मोजण्याचं.

महाभारतातल्या नलोपाख्यानात विदर्भाकडे निघालेला ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या दोन फांद्यांवर २०९५ फळं आहेत असं नुसत्या नजरेनं सांगतो. जुगारात राज्य घालवून त्याचा सारथी झालेला नळ झाड पाडून मोजतो. आकडा जुळतो! मग राजा त्याला ‘अक्षहृदय’ शिकवतो. इयन हॅकिंग या तत्त्वज्ञानं संभाव्यतेच्या इतिहासावरच्या १९७५ सालच्या पुस्तकात ही कथा घेतली आहे. थोडा नमुना तपासून अख्खा माल पास करणाऱ्या आमच्या तारापूर एमआयडीसीतल्या मंडळींना ती परकी वाटू नये.

फळांनंतर येऊ कवड्यांकडे. बोईसरला माझ्याकडे गणिताला येणारी काही मुलं कथेचा खेळ खेळतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि पात्र तरलं की मेलं हे फासा ठरवतो. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा हा वंश. मुलांनी फाशाऐवजी सहा कवड्या घेतल्या आणि नियम पचिशीचा उचलला. दोन ते सहा उताण्या पडल्या तर तेवढंच दान, एकच उताणी पडली तर दहा, सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. पंचवीस पडलं की मेलेलं पात्र जिवंत. त्यांचा प्रश्न साधा होता: हे पंचवीस पडणार कितीदा?

कोष्टक ‘लीलावती’त तयार आहे. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास विचारलं, सहा रसांतले एक, दोन, तीन असे घेत गेलं तर चवी किती? उत्तर ६, १५, २०, १५, ६, १, एकूण ६३. एकही रस नसलेला बेचव पदार्थ धरा, झाले ६४. रसाच्या जागी उताणी कवडी ठेवा, हिशेब तोच. चौसष्टात एकदा पंचवीस, सहा वेळा दहा.

पण सहाही उताण्या पडणंसुद्धा चौसष्टात एकदाच. मग त्याला सहाच घरं का?

कारण कवडी म्हणजे नाणं नव्हे. एक बाजू फुगीर, दुसरी सपाट. समजा, ती शंभरात साठदा उताणी पडते. मग सगळ्या पालथ्या पडणं २४४ दानांत एकदा, एकच उताणी पडणं २७ दानांत एकदा आणि सहाही उताण्या पडणं २१ दानांत एकदा. बक्षिसं अगदी शहाणी वाटू लागतात. तीच कवडी शंभरात चाळीसदाच उताणी पडली, तर २१ दानांत एकदा पंचवीस पडेल आणि खेळात कोणी मरणारच नाही.

आपल्याकडे सगळं होतंच, असं म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. लीलावतीतलं कोष्टक प्रकार मोजतं. कुठला प्रकार किती वेळा येईल, हे सांगत नाही. पास्काल आणि फर्मा यांचा जुगाराच्या डावावरचा पत्रव्यवहार १६५४ सालचा, आणि त्यांचे फासेसुद्धा सरळ, सारख्या बाजूंचे. कवडीचं वजन कागदावर निघत नाही. मुलांना मी सांगितलं, प्रत्येक कवडीवर खूण करा, एकेक कवडी पाचशे वेळा टाका आणि वहीत मांडत जा.