अमेरिकेतील रात्रीच्या मैफली : कुठे ऐकाव्यात, कशा ऐकाव्यात

अमेरिकेच्या प्रवासाचा कार्यक्रम बहुधा दिवसाच्या हिशेबाने आखला जातो. संग्रहालये, पूल, बाजारपेठा पाहून पर्यटक संध्याकाळी हॉटेलवर परततो आणि नेमक्या त्याच वेळी त्या देशाचा एक मोठा सांस्कृतिक ठेवा खुला होत असतो. जाझ, ब्लूज, कंट्री आणि रॉक हे अमेरिकेने जगाला दिलेले संगीतप्रकार मोठ्या प्रमाणावर तळघरांत, गुत्त्यांत आणि शे-सव्वाशे माणसांच्या खोल्यांत घडले. आजही ते सर्वांत जवळून ऐकायला मिळतात ते अशाच ठिकाणी. मात्र या जागा चालतात कशा आणि वादकाच्या हाती पैसा येतो कुठून, याची रीत शहरागणिक वेगळी आहे. ती ठाऊक नसेल तर दारावरून परतावे लागते. नाहीतर रात्रभर फुकट ऐकून नकळत वादकाच्या पोटावर पाय दिला जातो.

काही नियम मात्र बहुतेक ठिकाणी सारखे आढळतात. १९८४ च्या केंद्रीय कायद्यानंतर सर्व राज्यांत मद्य विकत घेण्याचे वय २१ वर्षे झाले. त्यामुळे अनेक बारमध्ये २१ वर्षांखालील तरुणांना प्रवेशच नसतो. काही ठिकाणी हातावर फुली मारून आत सोडतात. केस पिकलेल्या गृहस्थांकडेही ओळखपत्र मागितले जाते, त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. परदेशी पाहुण्याने पासपोर्ट जवळ ठेवणे सर्वांत बरे. प्रवेशशुल्काला 'कव्हर' म्हणतात. काही जागी त्याशिवाय किमान एक-दोन पेये घेण्याची अट असते. ते पेय मद्यच असले पाहिजे असे नाही.

न्यू ऑर्लिन्स

या शहराचे नाव घेतले की बर्बन स्ट्रीट आठवतो. तो एकदा पाहावा आणि पुढे चालू लागावे. तेथून अवघ्या काही पावलांवर सेंट पीटर स्ट्रीटवर 'प्रिझर्व्हेशन हॉल' आहे. १९६१ मध्ये अ‍ॅलन आणि सँड्रा जॅफी या तरुण दांपत्याने या जागेची सूत्रे हाती घेतली, तेव्हा पारंपरिक जाझ वाजवणारे वृद्ध कृष्णवर्णीय वादक काम नसल्याने घरी बसले होते. वर्णभेदाच्या कायद्यांच्या त्या काळात गोरे आणि काळे एकत्र बसून ऐकतील अशा जागा दक्षिणेत मोजक्याच होत्या. ही त्यांपैकी एक. येथे मद्य मिळत नाही, त्यामुळे मुलाबाळांसह जाता येते. भिंतींचे पोपडे उडालेले, बसायला लाकडी बाकडी आणि जमिनीवर उशा. कार्यक्रम तासाभराहूनही कमी वेळाचा असतो आणि रात्रीतून अनेक वेळा होतो. फर्माइशींचे दर लिहिलेली येथील पाटी प्रसिद्ध आहे. तिच्यावर सर्वांत महाग गाणे होते 'व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन'. दर पर्यटकाला तेच हवे असते आणि वादक ते वाजवून कंटाळलेले असतात, हे त्यामागचे साधे अर्थशास्त्र.

स्थानिक लोक मात्र फ्रेंचमेन स्ट्रीटकडे वळतात. 'स्पॉटेड कॅट', 'स्नग हार्बर' अशा जागा तेथे एकमेकींना लागून आहेत. एका दारातून सॅक्सोफोन ऐकू येतो, तर पुढच्या दारातून ढोल. गावाच्या दुसऱ्या टोकाला 'टिपिटिनाज' आहे. प्रोफेसर लाँगहेअर या पियानोवादकाला उतारवयात हक्काची जागा मिळावी म्हणून त्याच्या चाहत्यांनी ती १९७७ मध्ये सुरू केली. २०१८ मध्ये 'गॅलॅक्टिक' या शहरातल्याच वाद्यवृंदाने ती विकत घेतली. वादकच जागेचे मालक झाल्याची उदाहरणे फारशी नाहीत.

ऑगस्ट २००५ मधील कॅटरिना वादळात शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला आणि वादक देशभर पांगले. संगीत परत यायचे तर आधी वादकाला घर हवे, हे हॅरी कॉनिक ज्युनियर आणि ब्रॅनफर्ड मार्सेलिस या दोन कलावंतांनी ओळखले. त्यांच्या कल्पनेतून आणि 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' संस्थेच्या सहकार्याने ७२ घरांचे 'म्युझिशियन्स व्हिलेज' उभे राहिले.

नॅशव्हिल

टेनेसी राज्याच्या या राजधानीत लोअर ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर सकाळपासूनच गाणे सुरू होते. 'टुट्सीज ऑर्किड लाउंज', 'रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड' यांसारख्या येथील बारना 'हाँकी-टाँक' म्हणतात. दारावर बहुधा शुल्क नसते, आणि ग्यानबाची मेख नेमकी इथे आहे. एकेक वृंद सुमारे चार-चार तासांची पाळी वाजवतो. मूळ मेहनताना अल्प असतो आणि खरी कमाई श्रोत्यांमध्ये फिरवल्या जाणाऱ्या बादलीवर अवलंबून असते. फर्माइश करायची तर नोट आधी टाकावी, हा शिरस्ता. अलीकडच्या वर्षांत प्रसिद्ध गायकांच्या नावाचे अनेक मजली बार या रस्त्यावर झाले, गर्दीही अफाट वाढली. बादलीत हात मात्र ऐकणाऱ्यानेच घालायचा असतो.

त्याच रस्त्याच्या मागे 'रायमन ऑडिटोरियम' आहे. टॉम रायमन या बोटमालकाच्या पुढाकाराने १८९२ मध्ये ते प्रार्थनागृह म्हणून उभे राहिले आणि आजही श्रोते चर्चच्या लांब बाकांवरच बसतात. १९२५ पासून चालत आलेला 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओ कार्यक्रम १९४३ ते १९७४ या काळात येथून होत असे. ऑप्री नव्या वास्तूत गेली तेव्हा रायमनच्या रंगमंचाचा लाकडी तुकडा गोल कापून नव्या रंगमंचात बसवण्यात आला. गायक आजही त्याच वर्तुळात उभे राहून गातात.

याउलट 'ब्लूबर्ड कॅफे' दुकानांच्या एका साध्या रांगेत आहे. पत्ता हातात असूनही चुकतो. १९८२ मध्ये सुरू झालेल्या या जागेत जेमतेम ९० माणसे मावतात. येथे गीतकारांना मान आहे. तीन-चार गीतकार खोलीच्या मधोमध गोलाकार बसतात, आपापली गाणी आळीपाळीने म्हणतात आणि गाणे कसे सुचले तेही सांगतात. श्रोत्यांनी बोलू नये हा नियम कटाक्षाने पाळला जातो. आपल्याकडच्या बैठकीची सवय असलेल्याला येथे परके वाटणार नाही. २००८ पासून ही जागा गीतकारांच्याच संघटनेच्या ताब्यात आहे. जागा फार थोड्या असल्याने आरक्षण खुले होताच करावे लागते.

शिकागो आणि ऑस्टिन

मिसिसिपीच्या कापूसशेतांतून उत्तरेकडे आलेल्या कृष्णवर्णीयांनी ब्लूज शिकागोला आणला. मडी वॉटर्स १९४३ मध्ये येथे आला. बारच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून विजेवरची गिटार घेतली गेली आणि पुढे रॉकचा पाया त्यावरच रचला गेला. त्या परंपरेतील ज्येष्ठ वादक बडी गाय याने १९८९ मध्ये 'लेजेंड्स' सुरू केले. दर जानेवारीत तेथे स्वतः वाजवण्याचा त्याचा परिपाठ प्रसिद्ध आहे. कडाक्याच्या थंडीत शिकागोला जाण्याचे हे एक पटणारे कारण. जाझसाठी 'ग्रीन मिल' गाठावे. अल कपोनच्या टोळीशी जोडलेल्या दंतकथा तेथे हव्या तेवढ्या ऐकायला मिळतात.

टेक्ससमधील ऑस्टिनने १९९१ मध्ये 'जगाची जिवंत संगीताची राजधानी' हे बिरुद अधिकृतपणे स्वीकारले. त्याच्या दहा वर्षे आधीच, १९८० च्या अखेरीस, ज्या 'आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स'मुळे ही कीर्ती झाली ते बंद पडले होते. १९७५ चे 'अँटोन्स' अनेक जागा बदलत टिकून राहिले. २००५ मध्ये येथे अल्प उत्पन्नाच्या वादकांना वैद्यकीय उपचार मिळवून देणारी एक संस्था स्थापन झाली. बिरुदापेक्षा तिचे मोल अधिक मानावे लागेल.

न्यूयॉर्क

'व्हिलेज व्हॅनगार्ड' हे सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवरचे तळघर १९३५ पासून त्याच जागी आहे. त्रिकोणी आकाराच्या या खोलीत सुमारे सव्वाशे श्रोते बसतात. बिल एव्हान्स आणि जॉन कोल्ट्रेन यांची १९६१ मधील गाजलेली ध्वनिमुद्रणे येथलीच. १९६६ पासून सोमवारची रात्र मोठ्या जाझ वृंदासाठी राखलेली आहे. वादन चालू असताना बोलणे आणि छायाचित्रे काढणे खपवून घेतले जात नाही.

आज तिकीट काढून निवांत ऐकणाऱ्याला कल्पना येणार नाही, पण या शहराने एके काळी आपल्याच कलावंतांची वाट अडवली होती. १९२६ च्या 'कॅबरे' कायद्याने परवान्याविना नृत्याला बंदी घातली. पुढे १९४० पासून क्लबात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांकडून ओळखपत्र घेणे भाग पडले. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर बिली हॉलिडेला ते पुन्हा मिळाले नाही. १९४८ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये तिच्या गाण्याला तुडुंब गर्दी झाली. पण मद्य विकणाऱ्या शंभर माणसांच्या क्लबात गाण्याची तिला मुभा नव्हती. थेलोनियस मंक याचे ओळखपत्र १९५१ मध्ये गेले आणि ऐन उमेदीची सहा वर्षे तो शहरातील क्लबांपासून दूर राहिला. १९५७ मध्ये ते परत मिळताच 'फाइव्ह स्पॉट'मध्ये कोल्ट्रेनसह त्याने जे वाजवले, त्याची गणना जाझच्या इतिहासात होते. ओळखपत्राची पद्धत १९६७ मध्ये संपली; मूळ कायदा मात्र थेट २०१७ मध्ये रद्द झाला.

कायद्याने न मेलेल्या जागा भाड्याने मारल्या. पंक रॉकचे माहेरघर असलेले 'सीबीजीबी' १९७३ मध्ये सुरू झाले आणि जागामालकाशी झालेल्या वादानंतर ऑक्टोबर २००६ मध्ये पॅटी स्मिथच्या कार्यक्रमाने बंद झाले. पुढे त्या गाळ्यात महागड्या कपड्यांचे दुकान थाटले गेले.

साथीनंतर

मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशभरातील अशा जागांना एकाच वेळी कुलपे लागली. स्वतंत्र मालकांनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना स्थापन केली. त्यांच्या रेट्यामुळे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी काँग्रेसने अशा जागा, नाट्यगृहे आणि चित्रपटगृहांसाठी १५ अब्ज डॉलरचे साह्य मंजूर केले. अनेक जागा त्यामुळे वाचल्या. काही त्याआधीच कायमच्या बंद झाल्या होत्या. म्हणून जुन्या मार्गदर्शक पुस्तकावर विसंबून निघू नये. त्या जागेच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याचा कार्यक्रम पाहावा आणि तिकीटही तेथूनच घ्यावे. चढ्या दराने तिकिटे पुन्हा विकणाऱ्यांकडे गेलेला जादा पैसा वादकापर्यंत सहसा पोहोचत नाही.

परतीचा विचारही आधीच करावा. न्यूयॉर्कमध्ये बार पहाटे चारपर्यंत उघडे राहू शकतात आणि भुयारी रेल्वे रात्रभर धावते. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये मद्यविक्री रात्री दोनला थांबते. न्यू ऑर्लिन्समध्ये तशी वेळच नाही. न्यूयॉर्क वगळता बहुतेक शहरांत त्या वेळी टॅक्सीखेरीज पर्याय नसतो. पेल्यामागे एक-दोन डॉलर बारमधील सेवकाला आणि स्वतंत्रपणे काही वादकांच्या बरणीत टाकायचे, तर सुट्या नोटा खिशात असलेल्या बऱ्या.