दोन किल्लारींची वाट

लातूरहून औशामार्गे उमरग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, किल्लारीच्या अलीकडे एखाद्या फाट्यापाशी थांबून कोणा शेतकऱ्याला गावाची वाट विचारली, तर उत्तर देण्यापूर्वी तो आपणालाच एक प्रश्न करतो : "जुनं का नवं?" हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला त्या दिवशी मोटारीच्या पुढच्या फळीत कारखान्यातूनच बसवून आलेले वाट दाखवणारे यंत्र आम्हांला उजवीकडे वळावयास सांगत होते, शेजारी बसलेल्या स्नेह्याच्या हातातले, काचेवर चिकटवावयाचे आणि काम झाले की काढून खिशात घालावयाचे दुसरे यंत्र सरळ जाण्याचा आग्रह धरीत होते, आणि आम्हा दोघांचा वाद ऐकून थांबलेल्या त्या वृद्ध गृहस्थाने बैलांचा कासरा मनगटाभोवती गुंडाळीत शांतपणे सांगितले की दोन्ही बरोबर आहेत, उजवीकडची वाट जुन्या गावाला जाते, तिथे आता कोणी राहत नाही, आणि सरळ गेलात तर नवे गाव लागेल.

मोटार घेणाऱ्याने गाडीतच जडवलेले यंत्र घ्यावे की हातात वागवता येणारे, हा प्रश्न दुकानदाराच्या दृष्टीने किमतीचा आणि सोयीचा आहे. परंतु ज्या मुलुखात खुद्द गावेच एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी गेली, त्या मुलुखाच्या इतिहासात तो फार निराळ्या स्वरूपात आणि फार पूर्वीपासून उभा आहे.

मराठवाड्यात वाट दाखवण्याचे काम पूर्वापार दोन प्रकारच्या माणसांकडे असे. एक वाटाड्या गावाला बांधलेला होता. सरकारी अंमलदार, फौजेची तुकडी किंवा परगण्याच्या कचेरीचा टपालवाला गावात आला की त्याला पुढच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचवणे हे महार वतनदाराचे, विशेषतः वेसकराचे, ठरलेले काम असे. शिवेवर पुढच्या गावचा माणूस त्याला ताब्यात घेई, आणि अशा रीतीने साखळीच्या एका कडीतून दुसरीत प्रवासी सरकत जाई. या माणसाला आपल्या शिवारातला प्रत्येक ओढा, प्रत्येक बांध, पावसाळ्यात कोणती पाणंद चिखलाने बंद होते आणि कोणत्या विहिरीला वैशाखातही पाणी असते, हे सारे ठाऊक असे; गावाच्या हद्दीचा तंटा उपस्थित झाला तर त्याची साक्ष प्रमाण मानली जाई. परंतु या ज्ञानाचे मोल त्याला भाकरतुकड्याच्या आणि बलुत्याच्या रूपाने मिळे, बोलावणे आले तर रात्री-अपरात्री नाही म्हणण्याची त्याला मुभा नसे, आणि ज्या गावाची शीव तो डोळे मिटून सांगू शके त्या गावात त्याचे घर मात्र वेशीबाहेर असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले आणि १९४१ च्या फेब्रुवारीत धाराशिवजवळच्या कसबे तडवळ्यास महार-मांग वतनदारांच्या परिषदेत या वेठीविरुद्ध आवाज उठवला, तो याच भूमीवर. जुन्या वाटाड्यांची आठवण काढताना अनेकांचा सूर हळवा होतो. मला तो हळवेपणा मान्य नाही, कारण त्या सेवेत ज्ञान होते तरी स्वेच्छा नव्हती.

दुसरा वाटाड्या प्रवाशाबरोबर चाले. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून बालाघाटाच्या रांगा ओलांडणाऱ्या लमाणांच्या तांड्याचा नायक हा असा बरोबरचा माणूस होता. त्याला एका गावातली गल्लीबोळ माहीत नसे, पण समुद्रकाठापासून पठारापर्यंतच्या शेकडो कोसांतले पाणवठे, घाट आणि मुक्काम त्याच्या स्मरणात असत. पहिला वाटाड्या जागेत जडलेला, दुसरा हिंडता. पहिल्याचे ज्ञान खोल आणि अरुंद, दुसऱ्याचे विस्तृत आणि थोडे सैल. आज दुकानात जी निवड करावयाची असते तिचे मूळ मला इथे दिसते.

या दोघांच्याही स्मरणाला कागदाचा आधार मिळाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचा एक धागा किल्लारीच्या आश्चर्यकारक रीतीने जवळून जातो. १८०२ साली मद्रासेजवळ सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्ब्टन याने १८१५ साली बिदरच्या परिसरात एक आधाररेषा मोजली. तिच्याजवळचे दामरगिद्दा हे ठाणे १८ अंश ३ कलांच्या अक्षांशावर आहे; किल्लारीचा अक्षांशही जवळजवळ तोच, म्हणजे किल्लारीहून सरळ पूर्वेस शंभर-सव्वाशे किलोमीटर गेले असता ते ठाणे लागते. लॅम्ब्टन १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटास वारला. त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने दामरगिद्द्यापासून मध्य हिंदुस्थानातल्या कल्याणपूरपर्यंतच्या चापावरून पृथ्वीच्या आकाराचे जे गणित १८३० साली सिद्ध केले, त्यावर पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ देशाचे सर्व नकाशे बेतले गेले. उपग्रहांचे गणित पृथ्वीचा निराळा आकार धरते. म्हणून जुन्या सरकारी नकाशावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे नव्या यंत्रात भरले, तर आपल्या भागात शंभर मीटरांहून अधिक अंतर चुकते. एवढ्या अंतरात नव्या किल्लारीतल्या दोन-चार गल्ल्या सहज मावतात.

निजामी अमलात दिवाण सालारजंगाने १८६५ साली जिल्हाबंदी केली, अव्वल तालुकदारांची कचेरी आली, मोजणी आली, आणि मौजेवार नकाशे दप्तरात जमा होऊ लागले. या महसुली नकाशात गावाचे दोन भाग असतात, आणि त्यांची नावे आमच्या भाषेने मातीच्या रंगावरून दिलेली आहेत : पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. माणसे पांढरीत राहतात आणि काळीत राबतात. वस्ती उठून गेलेल्या मौजाची नोंद 'बेचिराख' या एकाच शब्दाने होते. दिवा लावावयास कोणी उरले नाही, एवढा सगळा अर्थ तो कारकुनी शब्द पोटात घेऊन बसलेला असतो.

१९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातुरास पोहोचली. १९३२ साली निजामाच्या रेल्वेखात्याने २७ मोटारींनिशी सरकारी बससेवा सुरू केली. पुढे एस.टी. आली, आणि मुक्कामी गाडीचा चालक हा नव्या काळाचा नायक झाला. संध्याकाळी गावात येऊन रात्री तिथेच झोपणारा आणि पहाटे तालुक्याला परतणारा हा माणूस फाट्यांची नावे, पुलावरून पाणी जाण्याची वेळ आणि कोणत्या थांब्यावर कोण चढणार हेही जाणून असे. या काळात पांढरी जागची हलली नव्हती. एकदा शिकलेली वाट जन्मभर पुरे.

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून माणसे उशिरा घरी परतली आणि झोपली. ३० तारखेस पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारीला लहान-मोठे धक्के बसून गेले होते. परंतु दख्खनचे पठार स्थिर आहे, अशी शास्त्रज्ञांसकट सर्वांची समजूत असल्यामुळे, त्या पहाटेसाठी कोणी सिद्ध नव्हते. दगड आणि चिखलाच्या दोन-दोन हात रुंद भिंती, त्यांवर लाकडी सरे, आणि सऱ्यांवर वर्षानुवर्षे थर चढवीत नेलेल्या मातीचे जड माळवद, ही उन्हाळ्यात गारवा देणारी रचनाच निजलेल्या माणसांवर कोसळली. आठ ते दहा हजार माणसे गेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, गुबाळ ही नावे तोवर जिल्ह्याबाहेर फारशी कोणाला ठाऊक नव्हती. त्या दिवशी साऱ्या जगाने ती ऐकली.

नावे ऐकली, पण वाट कोणाला ठाऊक होती? सोलापूर-हैदराबाद महामार्गावरून उमरग्यापर्यंत येणे सोपे होते. तिथून आत तेरणेच्या काठी वसलेल्या गावांकडे निघालेल्या मदतीच्या गाड्यांना, बघ्यांच्या गाड्यांनी तुंबलेल्या अरुंद रस्त्यांवर, पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत, वाटाड्यावाचून गती नव्हती. एक चिंचोली जोगन तर दुसरी चिंचोली रेबे. नुसते 'चिंचोली' म्हणून भागत नव्हते. या गावापासून त्या गावापर्यंत परक्यांना पोहोचवण्याचे काम त्या दिवसांत शेजारच्या, कमी नुकसान झालेल्या गावच्या पोरांनी केले, आणि त्यासाठी कोणी त्यांच्यावर हुकूम बजावला नव्हता.

त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ८ डिसेंबर १९९३ रोजी, अमेरिकेने आपली उपग्रहांवर आधारलेली स्थाननिश्चितीची व्यवस्था, जिला आपण जीपीएस म्हणतो, ती प्राथमिक कार्यास सिद्ध झाल्याचे जाहीर केले. वीस हजार किलोमीटरांहून अधिक उंचीवरून फिरणारे २४ उपग्रह; त्यांपैकी चारांचे संदेश मिळाले की पृथ्वीवर आपण कुठे उभे आहोत ते कळावे. ज्या वर्षी मनुष्याची जागा आकाशातून निश्चित करण्याचे हे साधन कार्यास सिद्ध झाले, त्याच वर्षी आमच्या बावन्न गावांची जागा गेली. या दोन घटनांत कार्यकारणाचा कसलाही संबंध नाही. तरीही त्या माझ्या मनात कायमच्या एकमेकींशेजारी बसल्या आहेत.

पुनर्वसनात ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी नेण्यात आली. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने उभारलेल्या या वसाहतींत घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले : भूमिहीन आणि अल्पभूधारकांस २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४००, मोठ्यास ७५०. जुन्या गावात वेस, पार, चावडी, गढी आणि भावकीच्या गल्ल्या यांनी घराचा पत्ता आपोआप ठरत असे; नव्या गावात काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, एकसारखी घरे आणि भिंतीवर रंगवलेले क्रमांक आले. पाहुण्याला घर सांगताना 'पाराच्या मागे' म्हणण्याची सवय असलेल्या जिभेला घराचा आकडा सांगताना आरंभी किती जड गेले असेल! पांढरी हलली, काळी मात्र तिथेच राहिली. शेतकरी रोज नव्या गावातून निघून, जुन्या गावाच्या ढिगांवरून, आपल्या जुन्या बांधावर जातो. नकाशातल्या नावाला एकच ठिपका असतो, आणि किल्लारी या नावाला दोन लागतात.

आता यंत्रांकडे वळू. मोटारीतच जडवलेले पहिले मार्गदर्शक यंत्र १९८१ साली जपानात होंडाने आणले. त्यात उपग्रहांचा संबंध नव्हता, वायूवर चालणारा दिशामापक आणि पारदर्शक नकाशाचे तक्ते एवढ्यावर ते चाले. १९९० साली माझ्दाच्या युनोस कॉस्मो या मोटारीत उपग्रहांवर चालणारे यंत्र बसले. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात अमेरिकेने मुद्दाम मिसळलेली अशुद्धी २ मे २००० रोजी काढून टाकली, आणि शंभर मीटरांची चूक एकाएकी दहा-वीस मीटरांवर आली. त्यानंतर काचेवर चिकटवावयाच्या हातयंत्रांचा सुकाळ झाला. आपल्याकडे १९९५ साली स्थापन झालेली मॅपमायइंडिया आणि सॅटगाइड काढणारी हैदराबादची सॅटनॅव्ह टेक्नॉलॉजीज यांनी देशी नकाशे या यंत्रांत भरले. आज त्या हातयंत्राची जागा बहुतेकांच्या बाबतीत खिशातल्या फोनने घेतली आहे, तो त्याचाच वंशज होय.

जडवलेल्या यंत्राचे गुण खरे आहेत. ते चाकांच्या फेऱ्यांवरून वेग जाणते, उपग्रह क्षणभर दिसेनासे झाले तरी घाटात किंवा बोगद्यात दिशा सोडत नाही, त्याचा पडदा मोठा असतो आणि वाहन चालवणाऱ्याची नजर फार खाली जात नाही. परंतु त्याचा नकाशा बहुधा गाडीच्या जन्मवर्षाशी बांधलेला असतो. नूतनीकरणास पैसे आणि खटपट लागते, आणि ती न केल्यास गाडी दहा वर्षांची होते तेव्हा तिच्या पोटातला देशही दहा वर्षांनी जुना असतो. हातयंत्राची काच उन्हाने तापते, ते चोरीस जाते, त्याची तार पायात येते. पण ते घरी नेऊन त्यातला नकाशा बदलता येतो, दुसऱ्याच्या गाडीत लावता येते, आणि गाडी जिथे थांबते तिथून पुढे, बांधापर्यंत, पायी चालताना हातात धरता येते. किल्लारीसारख्या मुलुखात हे शेवटचे कारण मला निर्णायक वाटते. इथला प्रवास डांबरी रस्त्यावर संपत नाही.

शिवाय ज्या भूमीवर आपण ठिपका मांडतो ती भूमीही स्थिर नाही. भूकंपानंतर किल्लारीस शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर काळ्या पाषाणाखाली त्याहून कितीतरी प्राचीन खडक लागला. जीपीएसचीच स्थिर केंद्रे दाखवतात की भारतीय भूखंड दरवर्षी साधारण पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. त्या पहाटेपासून आजवर जुनी आणि नवी, दोन्ही किल्लारी, काळीसकट, दीड मीटरांहून अधिक पुढे गेली आहेत.

त्या दिवशी आम्ही उजवीकडे वळलो. बैल रस्त्याकडेच्या बाभळीला बांधून तो वृद्ध आमच्यासोबत गाडीत बसला, आणि मोटार पुढे जाईना तिथून आम्ही तिघे चालत निघालो. दगडांच्या राशींवर वेडी बाभूळ माजली होती. स्नेह्याच्या हातातल्या पडद्यावर आमचा निळा ठिपका रिकाम्या जागेतून सरकत होता, आणि तो गृहस्थ पुढे चालता चालता हाताने दाखवीत होता : ही वेस, इथं चावडी, हा सोनाराचा बोळ, इथून आत गेलं की आमचा वाडा. स्नेह्याने त्या जागी बोट टेकवून खूण केली आणि खुणेला काय नाव देऊ म्हणून विचारले. त्याने आधी आपल्या वडिलांचे नाव सांगितले. मग थोडा वेळ थांबून, आपल्या धाकट्या भावाचे.